फोर्स कुणी केला नव्हता

इंग्रजीतले दोन शब्द आपल्या बोलण्यात इतके मुरलेत की ते इंग्रजी आहेत हे मुद्दाम आठवावं लागतं. फोर्स आणि कंपल्सरी. “मला फोर्स करू नको, मी येणार नाही.” “उद्या आयडी कार्ड कंपल्सरी आहे का रे?” कुणी न शिकवता आपण हे दोन शब्द बरोबर जागी वापरतो. कॉलेजच्या ग्रुपवर “उद्या आयडी कार्डचा फोर्स आहे का” असं कुणी विचारत नाही. लग्नाला चल म्हणून मागे लागलेल्या मावशीलाही “कंपल्सरी करू नकोस” असं आपण म्हणत नाही. फोर्स करायला समोर माणूस लागतो. कंपल्सरीला नियम पुरतो, आणि तो नियम कुणी काढला हे माहीत नसलं तरी अडत नाही.

फरक एवढासाच आहे. पण बीड जिल्ह्यात एका वर्षी सगळा वाद या फरकावर येऊन थांबला होता, आणि तो नीट वाचला गेला नाही असं मला वाटतं.

एप्रिल २०१९ मध्ये ‘हिंदू बिझनेसलाइन’ या इंग्रजी दैनिकात बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांबद्दल एक बातमी आली. तिशीच्या आगेमागे असलेल्या कितीतरी बायकांची गर्भाशयं काढलेली आहेत, अशी ती बातमी होती. थोड्याच दिवसांत ती देशभर आणि मग परदेशात पोचली. जाता जाता तिला ‘फोर्स्ड हिस्टरेक्टमी’ हे नाव चिकटलं. जूनमध्ये आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत आकडा दिला: तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या थोडं वर होतं.

त्या मूळ बातमीत एका मुकादमाचं म्हणणंही छापलं होतं. त्याचा आशय असा: आम्हाला ठरलेल्या दिवसांत काम संपवायचं असतं, त्यामुळे पाळी येणाऱ्या बायका टोळीत नको असतात, पण ऑपरेशनसाठी आम्ही फोर्स करत नाही, तो निर्णय त्यांच्या घरच्यांचा असतो.

हे म्हणणं वाचून आपल्याला राग येतो आणि आपण पुढे जातो. मला मात्र त्यावर थांबावंसं वाटतं, कारण त्याचा दुसरा भाग बहुधा खरा आहे. कुणी कुणाला हात धरून दवाखान्यात नेलेलं नाही. फॉर्मवर अंगठा किंवा सही आहे. नवरा सोबत आहे, कधी सासू आहे. बाईला विचारलं तर तीही सांगते, जबरदस्ती नाही केली कुणी. म्हणजे ‘फोर्स’ शोधायला गेलेला पत्रकार, वकील किंवा सरकारी माणूस रिकाम्या हाताने परत येतो. आणि फोर्स सापडला नाही की पलीकडे लगेच उरते ती ‘मर्जी’. मधे काही नाहीच असं धरलं जातं.

‘फोर्स’ हा शब्द इतका अरुंद का झाला हे समजायला १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३४९ वाचून बघा. (आता भारतीय न्याय संहितेत तेच कलम १२८ आहे.) तिथे फोर्सची जी व्याख्या आहे ती कायद्याच्या पुस्तकापेक्षा नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात शोभेल. दुसऱ्याला गती देणं, त्याच्या गतीत बदल करणं किंवा त्याची गती थांबवणं म्हणजे फोर्स. न्यूटनच जणू फौजदारी वकील झालाय. मारहाण, ढकलणं, अडवणं यांसाठी ही व्याख्या चोख आहे. अडचण एवढीच की फोर्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेच येतं: एक हात, एक धक्का, एक हललेलं शरीर.

‘कंपेल’ची गोष्ट वेगळी आहे. तो लॅटिनमधून आला. ‘कॉम’ म्हणजे एकत्र आणि ‘पेलेरे’ म्हणजे हाकणे. कंपेल म्हणजे मुळात गुरं एके ठिकाणी हाकणं. ज्याने गुरं हाकलीत त्याला हे सांगायला नको की हाकताना जनावराला दरवेळी हात लावावा लागत नाही. दोन्ही बाजूंना कुंपण असलं, मागून आवाज आला, की ती पुढेच जातात. पाय त्यांचेच असतात, चालतातही त्याच. फक्त वाट एकच उरलेली असते.

बीडमधलं हे कुंपण कसं घातलेलं आहे ते बघू. ज्यांच्या घरात ऊसतोड आहे त्यांना यात नवीन काही नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. पावसाळ्यात मुकादम उचल देतो. नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, लाखाच्या आगेमागे रक्कम मिळते. कोयता हे हत्याराचं नाव, तेच मजुरांच्या मोजमापाचं नाव झालं. एकटा माणूस अर्धा कोयता. बाईची वेगळी मोजणीच नाही. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत राहतात. कामाचा हिशोब टनावर. उचल फिटली तर फिटली, नाहीतर बाकी पुढच्या हंगामावर. आणि खाडा. एक दिवस कामावर गेलं नाही तर त्या दिवसाची कमाई बुडतेच, वर पाचशे रुपये किंवा जास्त दंड बसतो. फडावर संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाणी पुरेसं नाही. पहाटे, कधी मध्यरात्री गाडी भरायची, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं. पाळीच्या दिवसांत पोट दुखलं, अंगावरून जास्त गेलं, तर खाडा. दर महिन्याला दोन-तीन खाडे म्हणजे हंगामात किती, हा हिशोब प्रत्येक बाईला तोंडपाठ आहे.

त्यात लग्न लवकर झालेलं, दोन-तीन मुलं झालेली, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही झालेलं. अंगावरून पांढरं जातं म्हणून गावाकडच्या खासगी दवाखान्यात गेली, सोनोग्राफी झाली आणि सांगितलं गेलं की पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. ऑपरेशनला पैसे नसतील तर मुकादम देतो. तेही उचलीत धरले जातात.

आता यात धक्का कुठे आहे? कलम ३४९ ला कुठेच सापडणार नाही. हाकणं मात्र पावलोपावली दिसतं.

हा प्रश्न आपल्याकडे कुणाच्याच डोक्यात आला नव्हता असं नाही. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई खेळ व्हायचे होते. स्टेडियम, उड्डाणपूल, हॉटेलं यांची कामं घाईने चालली होती. परराज्यांतून मजूर आणले होते ते जमादारांमार्फत, आणि जमादार म्हणजे आपला मुकादमच. किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे ठरलेली होती. जमादार त्यातला एक रुपया स्वतःचं कमिशन म्हणून कापायचे आणि मजुराच्या हातात सव्वाआठ रुपये पडायचे. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, तेच याचिका म्हणून चालवलं गेलं, आणि १८ सप्टेंबर १९८२ ला न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला.

हा निकाल कायद्याचा म्हणून सगळे वाचतात. भाषेची समीक्षा म्हणूनही तो वाचण्यासारखा आहे. संविधानाच्या कलम २३ ने ‘फोर्स्ड लेबर’वर बंदी घातली आहे. मूळ इंग्रजी मजकुरातही तिथे ‘बेगार’ हा आपलाच शब्द ठेवलाय, कारण इंग्रजीत त्याला नेमका पर्याय नसावा. भगवतींपुढे प्रश्न असा होता: मजूर स्वतःहून कामावर आला, कमी मजुरी त्याने स्वतः मान्य केली, तर ‘फोर्स्ड’ कुठे झालं? त्यांनी फोर्स या शब्दाची पोटं उघडली. एक शारीरिक बळ. दुसरं कायद्याचं बळ, म्हणजे काम केलं नाहीस तर शिक्षा. आणि तिसरं, भूक आणि गरिबीतून येणारं ‘कम्पल्शन’. माणसापुढचे पर्याय काढून घेऊन त्याला एकाच वाटेने जायला लावणारी कुठलीही गोष्ट फोर्सच आहे, असा त्याचा आशय. म्हणजे कंपेलला त्यांनी फोर्सच्या घरात आणून बसवलं.

ही कल्पना एकदम आकाशातून पडली नव्हती. १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा मांडला होता. बेरोजगार माणसाला विचारून बघा, नोकरी हवी की मूलभूत हक्क, तो काय निवडेल? उपासमारीच्या भीतीने माणूस हक्क सोडतो, आणि सरकारने हात आखडता घेतला म्हणजे तो मोकळा झाला असं नाही. तो मालकाच्या ताब्यात जातो. आंबेडकरांनीही तिथे वापरलेला शब्द कंपेलच्या कुळातला आहे.

पण भगवतींचं मला सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते शब्द रुंद केला म्हणून नाही. शब्द रुंद करणं सोपं असतं. रुंद केलेला शब्द सैल पडतो आणि मग तो कुणालाच धरत नाही, ही खरी भीती. सगळीच गरिबी फोर्स म्हटली तर कुणीच आरोपी राहत नाही. भगवतींनी तिथे एक खुंटी ठोकली: किमान मजुरी. कायद्याने ठरलेल्या किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत कुणी काम करत असेल तर तो मर्जीने करत नाही असं धरायचं, आणि कमी देणारा जबाबदार. भुकेला पत्ता नसतो; सव्वानऊतला एक रुपया कुणाच्या खिशात गेला हे मात्र दाखवता येतं.

बीडच्या बाबतीत हेच झालं नाही, आणि माझी तक्रार इंग्रजीपेक्षा मराठी लेखनाबद्दल जास्त आहे. इंग्रजी बातम्या ‘फोर्स्ड’ म्हणून मोकळ्या झाल्या. त्यात बाईचा स्वतःचा हिशोब पुसला जातो. ती बिचारी होते, तिचं डोकं चालतच नव्हतं असं होतं. आपण मराठीत दुसऱ्या टोकाला गेलो: ‘परिस्थितीने भाग पाडलं’. संपादकीय असो, व्याख्यान असो की कथा, हे वाक्य ठरलेलं. दुष्काळ, नशीब, मराठवाड्याचा अनुशेष, सगळं एका गाठोड्यात बांधायचं आणि त्याला परिस्थिती म्हणायचं. ‘भाग पाडणे’ या क्रियापदाला कर्ता लागतो, तर आपण परिस्थितीलाच कर्ता केलं. तिच्यावर गुन्हा दाखल होत नाही आणि तिला नोटीसही जात नाही.

गाठोडं सोडून बघितलं तर आतल्या वस्तू वेगवेगळ्या आहेत. पाऊस न पडणं ही परिस्थिती. खाडा ही परिस्थिती नाही, तो दंड आहे, तो कुणीतरी ठरवला आणि कुणीतरी वसूल करतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९३० चा करार, जो भारताने १९५४ मध्ये मान्य केला, त्याच्या नावातच फोर्स्ड आणि कंपल्सरी हे दोन्ही शब्द शेजारी ठेवलेत. आणि तिथे सक्तीच्या कामाची खूण म्हणून सांगितली आहे ती दंडाची धमकी. पाचशे रुपयांचा खाडा ती खूण पुरी करतो की नाही, हे ठरवायला फार मोठा विद्वान लागत नाही. उचल ही परिस्थिती नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात आगाऊ रकमेची स्वतंत्र व्याख्याच आहे. त्या कायद्यात एक छान शब्दयोजना आहे, जिच्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. तो ‘फोर्स्ड’ एवढ्यावर थांबत नाही, ‘अंशतः फोर्स्ड’ श्रमही धरतो. म्हणजे मर्जी आणि जबरदस्ती यांच्या मधली जागा संसदेला १९७६ मध्येच दिसली होती. फडावर संडास नसणं हीसुद्धा परिस्थिती नाही. ती कुणीतरी न बांधलेली भिंत आहे.

डॉक्टरांचं काय? इथेही फोर्स शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. पण १८७२ च्या करार कायद्यात कलम १६ आहे. त्याचा विषय गैरवाजवी प्रभाव: एकाच्या मनावर दुसऱ्याचा ताबा असेल आणि त्याचा फायदा घेतला गेला असेल तर ती संमती मोकळी धरत नाहीत. त्याखाली उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक वाचून मी चाट पडलो. आजाराने किंवा वयाने खचलेला माणूस, त्याच्यावर उपचार करणाऱ्याच्या प्रभावाखाली येऊन, अवाच्या सवा फी द्यायला कबूल होतो. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना नमुन्यादाखल डॉक्टरच आठवला होता! ‘कॅन्सर होईल’ हे दोन शब्द सोनोग्राफीच्या टेबलावर पडलेल्या बाईला ऐकवले की कुठल्याच धक्क्याची गरज राहत नाही. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमती खरी असायची तर रुग्णाला धोके आणि दुसरे उपाय कळले पाहिजेत. तो खटलाही गर्भाशय काढण्याचाच होता. दिल्लीतली बाई तपासणीसाठी भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन ऑपरेशन उरकलं गेलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्धची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं त्याच न्यायालयाने राज्यांना बजावलं. कागदावर हे सगळं आहे. पण समीरा कोहलींच्या बाबतीत निदान एक गोष्ट स्पष्ट होती: त्यांना विचारलंच नव्हतं. बीडच्या बाईला विचारलं होतं. कसं विचारलं, हा प्रश्न आहे.

म्हणून मग ती स्वतः कोणता शब्द वापरते तिकडे वळावं लागतं. आपल्याकडे बळाच्या शब्दांची काही कमी नाही आणि त्यातले बरेच फारसी-अरबीतून आलेत. जबरदस्तीतला ‘दस्त’ म्हणजे हात. ज्याचा हात वर तो जबरदस्त. हा आपला फोर्स. सक्ती म्हणजे मुळात कडकपणा. मजबूर हा हिंदीतून आला, त्याच्या पोटात अरबी ‘जब्र’ आहे. मजबूर म्हणजे ज्याच्यावर जब्र झालं तो. करणारा शब्दातून गायब झालाय. (याच धातूपासून ‘अल-जब्र’, म्हणजे आपलं बीजगणित. तिथे अर्थ मोडलेलं हाड पुन्हा जुळवणं असा आहे. एका धातूत हाताची दोन्ही कामं.) वेठ हा मात्र जुना, संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला, आणि राजाचं फुकट काम एवढ्यापुरता राहिला. आज आपण संप झाला की प्रवाशांना ‘वेठीस धरलं’ म्हणतो. ज्यांना खरंच वेठीला धरलंय त्यांच्यासाठी तो शब्द कुणी वापरत नाही.

आणि मग नाइलाज. “नाइलाज झाला, काढली पिशवी.” नाइलाज म्हणजे ना इलाज, ज्यावर औषध नाही ते. कंपेलला मराठीत इतका जवळचा दुसरा शब्द मला सापडत नाही. इथे तर तो अक्षरशः लागू पडतो. पांढरं जाण्यावर इलाज होता, साध्या गोळ्यांचा, स्वच्छ पाण्याचा, चार दिवस विश्रांतीचा. तो मिळाला नाही म्हणून मोठा इलाज करावा लागला, आणि त्यालाच ती नाइलाज म्हणते. ही बोलणारी बाई बिचारी नाही. ती हिशोब मांडते आहे: इतके खाडे, इतके पैसे, इतकं दुखणं. हिशोब तिचा आहे. आकडे दुसऱ्यांनी ठरवलेले आहेत.

अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, मराठीचे आद्यकवी म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. त्याच जिल्ह्याच्या मराठीत हे सगळं बोललं जातंय, आणि त्यात एक जागा अशी आहे जी इंग्रजीत नेताच येणार नाही.

“काढून घेणे” हे क्रियापद बघा. दाढ काढून घेतली, फोटो काढून घेतला: स्वतःसाठी करवून घेतलं. जमीन काढून घेतली, रेशनकार्ड काढून घेतलं: हिसकावलं. क्रियापद तेच. फरक पडतो तो आधीच्या सर्वनामाने. “मी पिशवी काढून घेतली” म्हटलं तर तो तिचा निर्णय. “माझी पिशवी काढून घेतली” म्हटलं तर कुणीतरी नेली, आणि कुणी ते वाक्यात नाही. पाहणीला गेलेल्या माणसाच्या तक्त्यात ‘शस्त्रक्रिया झाली: होय / नाही’ एवढ्याने दोन्ही वाक्यं एका खणात बसतात. आणि तिच्या तोंडून पुष्कळदा तिसरंच येतं, ज्यात ‘मी’ पण नाही आणि ‘माझी’ पण नाही: “पिशवी काढून घेतली. मागच्या पट्ट्याच्या आधी. दहाव्या दिवशी गाडीत बसलो.”